भाव नको, पट्टी दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरबसल्या ब्लॉग लिहा आणि महिना पन्नास हजार कमवा’ अशा आशयाचा लेख आला होता. त्याचं कात्रण घेऊन आमच्या वाडीतल्या दोन मुली माझ्याकडे आल्या. एक बारावी झालेली, दुसरी डीएड करून तीन वर्षं नोकरीची वाट बघणारी. “मॅडम, तुमचापण ब्लॉग आहे ना? तुम्हाला किती मिळतात?” असं त्यांनी सरळच विचारलं. मी कपाटातून वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्या दोघींना जे दाखवलं तेच आपल्या वाचकांनाही दाखवावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण हिशेब अर्धा सांगून उपयोग नसतो.

मी देवगड तालुक्यात राहते. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते, २०१७ साली निवृत्त झाले. घरची हापूसची १४० कलमं आहेत, वरच्या अंगाला थोडी काजू. नोव्हेंबर २०११ पासून आंबा-काजूच्या बागेविषयी मराठीत ब्लॉग लिहिते. मोहोरावरचे तुडतुडे, भुरी, करपा, फळमाशीचे सापळे, काजूवरचा ढेकण्या, जुन्या कलमांची छाटणी, साका (वरून चांगल्या दिसणाऱ्या आंब्याचा आतला गर खराब होणं), हेच विषय. चौदा वर्षांत २१२ लेख झाले.

हिशेब मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. त्यांची लाल कापडी बांधणीची वही असे. किती पेट्या भरल्या, कोणत्या दिवशी गाडीत चढल्या, हुंडेकरी (माल नेण्याचं भाडं) किती झाली, आणि वाशीहून दलालाची पट्टी आली की तिच्यातला प्रत्येक आकडा त्या वहीत उतरायचा. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पट्टी म्हणजे माल विकल्यावर येणारा हिशेबाचा कागद. वर भाव, खाली हमाली, तोलाई, वाहतूक, दलाली वजा केलेली, आणि तळाला आपल्या हातात पडणारी रक्कम. हंगामाच्या तोंडाला पेपरात ‘हापूसची पेटी इतक्या हजारांना’ अशी बातमी आली की गावात सगळे हुरळून जात. सासरे म्हणायचे, “भाव कोणी पण सांगेल, पट्टी दाखव.” पहिल्या पेटीचा भाव म्हणजे हंगामाचा भाव नव्हे, हे त्यांनी चाळीस वर्षं अनुभवलं होतं. ब्लॉगच्या कमाईबद्दल जे छापून येतं ते सगळं पहिल्या पेटीच्या भावासारखं आहे. पट्टी कोणी दाखवत नाही. माझी तक्रार ही आहे.

माझी वहीही सासऱ्यांच्या वहीच्या वळणावरच गेली. दर महिन्याच्या एक तारखेला चहा झाला की मी ती भरायला बसते. किती व्ह्यूज झाले, त्यातले गूगलच्या शोधातून किती आले, लोकांनी कोणते शब्द टाकून मला शोधलं, जाहिरातीचे किती डॉलर जमा झाले, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात हवामान असतं, कारण आमचे वाचक हवामानाबरोबर येतात. डिसेंबरात दोन दिवस ढगाळ गेले की आकडा दुप्पट होतो. जूनमध्ये पाऊस लागला की तो बसतो.

हे मोजमाप दिसतं तितकं सोपं नाही. सुरुवातीला ब्लॉगच्या कडेला फिरता आकडा लावला होता. मी स्वतः पान उघडलं तरी तो एकाने पुढे सरके. पहिल्या वर्षी त्याने २,३०० दाखवले, त्यातले निम्मे मी आणि पुण्याला असलेली माझी मुलगी एवढ्या दोघींचेच असणार. पुढे ब्लॉगच्या आतच वाचक मोजायची सोय मिळाली. डिसेंबर २०१४ मध्ये त्यात एका रात्रीत रशियातून ६४० वाचक आलेले दिसले. तुडतुड्यांवरचा मराठी लेख रशियात कोण वाचणार? मुलीने समजावलं की ही माणसं नव्हेत, सोडलेली यंत्रं आहेत. आपल्या यादीत त्यांच्या साइटचं नाव दिसावं आणि आपण कुतूहलाने तिथे क्लिक करावं, एवढ्यासाठी ती फिरत असतात. तो आकडा मी खोडला नाही, शेजारी ‘माणसं नाहीत’ असं लिहिलं. तेव्हापासून दोन ठिकाणची मोजणी शेजारी शेजारी लिहिते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एकीकडे २१,३०० होते, दुसरीकडे ९,४५०. मी नेहमी लहान आकडा धरते. ज्यांना आपली वाचकसंख्या जगाला सांगायची असते, ते कोणता धरत असतील हे वाचकांनी ठरवावं.

रँकची गोष्ट तर याहून पोकळ. त्या काळी ॲलेक्साच्या क्रमांकाला फार मान होता. ॲमेझॉनच्या मालकीची ही सेवा जगभरच्या वेबसाइटना क्रमांक देई, आणि मराठी ब्लॉगवाले एकमेकांना तो विचारत. माझा क्रमांक २०१४ साली ६१ लाखांच्या पुढे होता. मुलीने घरच्या कॉम्प्युटरवर ॲलेक्साचा टूलबार बसवला आणि मी रोज त्याच कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडून लेख दुरुस्त करू लागले. तीन महिन्यांत क्रमांक १९ लाखांवर आला. वाचक तेवढेच होते, वहीत दिसत होतं. ज्यांनी टूलबार बसवला आहे अशा लोकांच्या फिरण्यावरून हा क्रमांक बेतला जाई, आणि आमच्या तालुक्यातल्या कोणा बागायतदाराने तो बसवला असेल? म्हणजे ४२ लाख पायऱ्या मी एकटीने चढले होते. त्या दिवसापासून तो रकाना बंद केला. १ मे २०२२ ला ती सेवाच बंद झाली. ज्यांनी त्या क्रमांकावर जाहिरातीचे दर ठरवले, ब्लॉगच्या माथ्यावर तो मिरवला, त्यांच्याकडे आज काय उरलं?

उपकरणं येतात, जातात, बदलतात. वाचक मोजणाऱ्या गूगल ॲनॅलिटिक्स या सेवेने १ जुलै २०२३ ला जुन्या पद्धतीची मोजणी थांबवली, आणि वर्षभराने ती जुनी माहिती बघण्याची सोयही काढली. नव्या पद्धतीत मोजण्याची व्याख्याच वेगळी आहे. म्हणून माझ्या वहीत जुलै २०२३ च्या पानावर आडवी लाल रेघ आहे. रेघेच्या वरचे आकडे आणि खालचे आकडे यांची मी तुलना करत नाही. गूगलच्या शोधातले आपले आकडे सांगणारं सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडचं दाखवत नाही. ज्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही, त्यांना आपल्याच ब्लॉगचं २०१५ साल कसं गेलं हे आज सांगता येणार नाही. माझ्याकडे ते निळ्या शाईत आहे.

या वहीत मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो शब्दांचा रकाना. कमाईच्या लेखांत त्याचा उल्लेख कधी येत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

सर्च कन्सोलमध्ये लोकांनी गूगलला नेमकं काय विचारलं आणि उत्तरात आपण कितव्या जागी दिसलो हे कळतं. मी विज्ञानाची शिक्षिका. पुस्तकी शब्दांची सवय. ‘फळगळ व्यवस्थापन’ या मथळ्याचा माझा लेख दोन वर्षं तसाच पडून होता, महिन्याला वीस-पंचवीस वाचक. मग यादीत दिसलं की लोक विचारतात, ‘कैरी गळते काय करू’. तेच शब्द मथळ्यात घातले. त्या वर्षी मार्चमध्ये तोच लेख १,८०० वेळा उघडला गेला. पत्रकांत ‘टी मॉस्किटो बग’ लिहितात, आमच्याकडे त्याला ढेकण्या म्हणतात आणि शोधतानाही लोक ढेकण्याच लिहितात. बरेचसे तरुण मराठीच विचारतात, पण रोमन अक्षरांत. आणि एक बारीक गोष्ट: ‘वाऱ्यामुळे’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. तसंच ‘ॲ’चं. २०११ ते २०१५ या काळातले माझे ७० लेख जुन्या पद्धतीने टाइप झालेले होते. माझ्याच ब्लॉगवरच्या शोधात एक तऱ्हा टाकली तर दुसऱ्या तऱ्हेचे लेख येत नसत. मे महिन्याच्या सुटीत दुपारी दुपारी बसून मी ते सगळे दुरुस्त केले.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस झाला आणि ऐन मोहोरावर पाणी पडलं. दुसऱ्या दिवशी यादी बघितली तर ‘भिजलेला मोहोर काळा पडतो’, ‘पावसानंतर कोणती फवारणी’ असे प्रश्न ओळीने होते. माझ्याकडे उत्तर देणारा लेख नव्हता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी हाताशी होत्या, त्या घेऊन त्याच रात्री लिहिला. लोकांची गरज इतक्या लवकर आणि त्यांच्याच शब्दांत कळणं हे मला शाळेतही कधी मिळालं नव्हतं. मोजमापाचा खरा उपयोग मला इथे सापडला.

सरासरी स्थान नावाचा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. ‘आंबा मोहोर फवारणी’ला मी तिसऱ्या-चौथ्या जागी दिसते, नुसत्या ‘आंबा’ शब्दाला कुठेच नाही. दोन्हींची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो कशाचाच नसतो. २०२४ साली ब्लॉगचं नाव शोधात १३ लाख ६० हजार वेळा दिसलं आणि क्लिक झाले ६८ हजार, म्हणजे शंभरात पाच. बागायतदाराला याचं नवल वाटणार नाही. मोहोर भरून आला म्हणून कोणी पेट्यांची ऑर्डर देत नाही. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, हजारांनी फुलं असतात, कैऱ्या दोन-चार धरतात आणि शेवटपर्यंत एखादी टिकते. ‘माझा ब्लॉग महिन्याला लाखभर लोकांना दिसतो’ असं कोणी म्हणालं तर तो मोहोर सांगतो आहे हे लक्षात घ्यावं.

आता पैशांकडे येते.

२०१३ साली मी जाहिरातींसाठी अर्ज करायचं मनात आणलं तेव्हा ॲडसेन्सच्या, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, मान्य भाषांमध्ये मराठी नव्हती. हिंदी २०१४ मध्ये आली, मराठी २०१८ मध्ये. मी डिसेंबर २०१८ मध्ये जाहिराती सुरू केल्या. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे की नाही हे बघण्यासाठी टपालाने एक आकडा येतो, तो भरल्याशिवाय पुढे काही होत नाही. माझे दहा डॉलर जमायला सात महिने लागले. पोस्टमनदादांनी ते छोटंसं पाकीट आणून दिलं तेव्हा काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. हात पुसून मी ते फोडलं, कडेच्या टोचलेल्या रेघांवरून जपून फाडलं, आणि आतले सहा आकडे वहीत उतरवून घेतले. पाकीट अजून वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात आहे.

पैसे बँकेत यायला शंभर डॉलर पुरे व्हावे लागतात. माझी शंभरी फेब्रुवारी २०२१ मध्ये भरली, म्हणजे सव्वादोन वर्षांनी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रक्कम आली. बाहेरच्या देशातून पैसे कशाचे आले, म्हणून बँकेत एक फॉर्म भरून द्यावा लागला. रुपये करताना आणि सेवाशुल्कात गेलेले वजा होऊन माझ्या खात्यात ७,२१२ पडले. त्यानंतर आणखी तीनदा शंभरी भरली. ऑक्टोबर २०२५ अखेर एकूण ३०,४७४ रुपये हातात आले आहेत आणि ७१ डॉलर पलीकडे साठलेले आहेत. ८३ महिने झाले. महिन्याला ३६७ रुपये. ब्लॉगच्या पत्त्याचं सात वर्षांचं भाडं ६,६४० रुपये त्यातून वजा केलं की महिन्याला २८७ रुपये. मोबाइलचा रिचार्ज, विजेचं बिल आणि माझा वेळ यांत धरलेला नाही. ही माझी पट्टी.

या ८३ महिन्यांत लहान आकड्याने मोजलेले व्ह्यूज १० लाख ६२ हजार आहेत. म्हणजे साठलेले ७१ डॉलरही धरले तर हजार पानं वाचली गेली की साधारण ३५ रुपये. आता आपल्या लेखातले पन्नास हजार घ्या. या दराने महिना पन्नास हजार मिळवायला दर महिन्याला सव्वाचौदा लाख व्ह्यूज हवेत. मला जेवढे जवळजवळ सात वर्षांत मिळाले त्याहून जास्त, एकेका महिन्यात. हा गुणाकार चौथीतल्या मुलालाही जमेल, पण त्या लेखात तो कुठेच नव्हता.

दर असा कमी का, हेही सांगायला हवं. पान उघडताना त्या जागेसाठी जाहिरातदारांची बोली लागते. कर्ज, विमा, शेअर बाजार अशा विषयांवर इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या पानावर बोली लावणारे पुष्कळ असतात. ढेकण्यावरच्या मराठी लेखापाशी फार थोडे. आलेल्या रकमेतला ६८ टक्के वाटा लिहिणाऱ्याचा, असं कंपनीने वर्षानुवर्षं जाहीर केलेलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दलाली काय पडते हे माहीत असलं की झालं. खंत वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. वाचक कमी नाहीत. पण मराठी वाचकाला माल विकू पाहणाऱ्यालाही मराठीत जाहिरात करावीशी वाटत नाही. मराठी लेखाखाली हिंदी नाहीतर इंग्रजी जाहिरात येते. आमच्या भाषेतल्या पानाची किंमत जाहिरातदाराच्या नजरेत एवढीशी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकदा तर साक्यावरच्या लेखाखाली एका कीटकनाशकाची जाहिरात लागली, जे आंब्यासाठी शिफारस केलेलंच नाही. बागायतदाराला वाटणार, मॅडमच्या लेखाखाली आहे म्हणजे चालत असेल. मी तो सगळा प्रकारच बंद करून टाकला, कीटकनाशकांच्या जाहिराती माझ्या पानावर येत नाहीत. त्या महिन्यापासून उत्पन्न जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरलं. वहीच्या शेऱ्यात कारण लिहिलेलं आहे.

मे २०२१ चं पान मी त्या मुलींना मुद्दाम दाखवलं. एप्रिलमध्ये ८,७०० व्ह्यूज, मे मध्ये ३१,४००. कमाई शिकवणारा कोणीही या दोन आकड्यांचा आलेख काढून भिंतीवर लावील. १६ मे ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडावर राहिलेला सगळा आंबा एका दिवसात जमिनीवर आला. माझी अकरा कलमं मुळासकट आडवी झाली, त्यातली दोन सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली. वाडीत नऊ दिवस वीज नव्हती. आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडच्या नातेवाइकांना विचारून, बघून मी एक लेख लिहिला होता: पडलेलं कलम उभं कसं करावं. फांद्या किती उतरवाव्यात, तुटलेली मुळं स्वच्छ कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) कशी लावावी, दोर कुठे बांधावा, टेकू कुठे द्यावा. वर्षभर तो कोणी फारसा वाचला नव्हता. वीज आली, फोन चार्ज झाला, आणि बघते तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड इथून लोक तो उघडत होते. सरासरी चार मिनिटं दहा सेकंद एकेक जण त्या पानावर थांबलेला. एरवी माणसं पाऊण मिनिटात जातात. माझ्या बागेतले गडी माझ्याच फोनवर तो लेख वाचून दोर ओढत होते. अकरापैकी सात कलमं उभी राहिली. त्या महिन्याचे जाहिरातीचे ११ डॉलर २० सेंट जमा झाले. रकान्यात ते लिहिले आणि शेऱ्यात फक्त ‘वादळ’ लिहिलं. त्या आकड्याला वाढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोहाची वाटही मी बघितलेली आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर ‘अस्सल देवगड हापूस कसा ओळखावा’ हा माझा लेख दर मार्च-एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईची माणसं शोधून वाचतात. त्या एका लेखाला ढेकण्याच्या लेखाच्या वीसपट वाचक आहेत आणि जाहिरातीचा दरही बरा. २०२२ साली मी तसे आणखी चार लेख लिहिले. आकडा चढला. पण त्या हंगामात फवारणीचे, छाटणीचे तीन लेख लिहायचे राहून गेले, आणि फेब्रुवारीत एक बागायतदार बाजारात भेटून म्हणाले, “मॅडम, यंदा तुम्ही आमच्यासाठी काय लिवलात नाय.” त्यांचं वाक्य वहीत आहे, आकड्यांच्या शेजारी. पुढच्या वर्षी मी पुन्हा बागेकडे वळले.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. त्याने शहरातल्या एका संस्थेत ब्लॉगिंगच्या कोर्सला १४,९९९ रुपये भरले. घरच्यांनी गाय विकून दिलेले पैसे. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी पडद्यावर डॉलरचे आकडे दाखवले. एका दिवसाचे. तो दिवस कोणता, त्याआधीचे आणि नंतरचे दिवस कसे गेले, खर्च किती, यातलं काही नाही. मग इंग्रजी लेख यंत्राने मराठीत उलटवून रोज पाच टाकायला शिकवले. व्ह्यूज विकत मिळतात हेही तिथेच कळलं. त्याने ते घेतले. तीन महिन्यांत ३८ डॉलर दिसू लागले आणि एका सकाळी जाहिराती देणाऱ्यांनी खोट्या क्लिकच्या कारणावरून खातं बंद केलं, ३८ डॉलर गेले. पोरगा आठ दिवस कोणाशी बोलत नव्हता. तो खोटा नाही, त्याला खोटं शिकवलं गेलं, आणि त्याच्यापुढे खरा हिशेब ठेवणारं कोणी नव्हतं. मीसुद्धा नाही, कारण माझी वही तेव्हा कपाटात होती. याची बोच मला आहे.

जे मेहनतीने लिहितात त्यांच्या वाटेत आणखीही काटे आहेत. माझा साक्यावरचा लेख एका साइटने शब्दशः उचलला. शोधात ते माझ्या वर दिसू लागले तेव्हा कळलं. ‘रत्ना’ ही साका न होणारी जात १९८१ साली प्रसारित झाली, माझ्या हातून टाइप करताना १९८७ झालं होतं. त्यांच्याकडेही १९८७. तक्रार करून ते पान उतरायला सात आठवडे गेले, आणि तोवर हंगाम संपला होता.

ब्लॉगमधून कोणालाच पैसे मिळत नाहीत असं मी म्हणत नाही. मिळवणारे आहेत, प्रामाणिकपणे मिळवणारेही आहेत. त्यांच्याबद्दल लेख जरूर छापा. पण छापण्याआधी त्यांना किती वर्षं झाली, सगळे महिने धरून व्ह्यूज किती, हातात किती पडले आणि खर्च किती झाला हे विचारा, आणि आकडे कोणत्या भाषेतल्या ब्लॉगचे आहेत तेही लिहा. एक महिना दाखवणाऱ्याकडून बारा मागा. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या सगळ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे की आपली वही ठेवा आणि ती उघड करा, रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका. वाडीतल्या त्या दोघींपैकी डीएड झालेलीने लिहायचं ठरवलं आहे, मासे सुकवण्याबद्दल, तिच्या आईला येतं ते सगळं. पैशांसाठी ती दुसरीकडे काम शोधते आहे आणि ब्लॉगच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने १ डिसेंबर ही तारीख घालून रकाने आखले आहेत.

माझ्या वहीतल्या मे २०२१ आणि ऑक्टोबर २०२५ या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. जागा असेल तर छापावी. वाचक वाढावेत म्हणून मी हे लिहिलेलं नाही, त्यामुळे वरच्या कोपऱ्यातला ब्लॉगचा पत्ता झाकून छापावा आणि माझं नावही देऊ नये.

आपली,
एक आंबा बागायतदार व निवृत्त शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग